मळक्या सदऱ्याचें मोल

दिवाळीच्या सुटींत आमचा नातू पुण्याहून कड्यास आला, तो काखेंत एक पुडकें घेऊन. आंत क्रिकेटची निळी जर्सी, तीवर एका नामांकित खेळाडूची सही. 'आजोबा, ही खुद्द सामन्यांत घातलेली आहे!' दोन महिन्यांचा हातखर्च त्यानें तीपायीं वेंचला होता.

सूनबाईंचा आक्षेप सरळ होता: 'दुसऱ्याचें घामट कापड पैसे मोजून घरांत आणावयाचें?' परंतु ज्या घरांत वाल्मीकिरामायण वाचलें जातें, तेथें हा आक्षेप टिकणें कठीण. भरतानें सुवर्णभूषित पादुका रामापुढें ठेवून त्यांवर पाय ठेवण्याची विनंती केली. रामानें त्या पायीं घालून परत दिल्या. अयोध्येंत सोन्यास काय तोटा होता? मोल होतें तें पावलांचें.

हा छंद आज जगभर आहे. पुण्यास सहकारनगरांत रोहन पाटे यांनीं 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हें क्रिकेटचें संग्रहालयच उभारलें असून २०१२ सालीं सचिन तेंडुलकर यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. कॅनडांत बर्फावरील हॉकीचें वेड मोठें. तेथील पॉल हेंडरसन यानें २८ सप्टेंबर १९७२ रोजीं मॉस्कोंत सोव्हिएट संघाविरुद्ध, अवघीं ३४ सेकंद उरलीं असतां, विजयी गोल केला. त्या दिवशींची त्याची जर्सी २०१० सालीं लिलांवांत बारा लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस गेली.

मात्र जाणते संग्राहक डोळे मिटून पैसे टाकीत नाहींत. रबरी चकतीचा काळा ओरखडा, कडेच्या फळ्यांवर घासल्याची खूण, उसवून पुन्हा घातलेली शिवण, हें सारें तपासून सामन्याच्या छायाचित्राशीं डागास डाग ताडून पाहतात. आपण डागामुळें कपडा टाकतों; ते डागामुळें घेतात.

आम्हींही नातवाची जर्सी भिंगाखालीं धरली. एक डाग नाहीं, एक धागा ओढलेला नाहीं. सही तर छापलेली! 'सामना कोणता?' म्हणून विचारलें, तों पोर गप्प. चेहरा उतरला.

तेव्हां आमच्या कुटुंबानें उठून ट्रंकेंतून एक बनियन काढलें. आमच्या कै. धाकट्या बंधूंचें, शाळेच्या कबड्डीच्या संघांतलें. खांद्यावर वहिनीच्या हातचें ठिगळ, कमरेशीं मैदानाच्या मातीचा डाग. तो सामना ते हरले होते. मग तिनें तें धुतलें कां नाहीं, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

नातवानें हळूच विचारलें, 'साल कोणतें?' आम्हीं एक सांगितलें, कुटुंबानें दुसरें. ज्याला नक्की ठाऊक होतें, तो आज नाहीं.

वाचकहो, वस्तु टिकते, साक्षीदार टिकत नाहींत. घरांत असें कांहीं जपलें असेल, तर कोणाचें, कोठलें, केव्हांचें, हें चिठ्ठीवर लिहून आजच त्यांत ठेवा. आमच्या चिठ्ठींत सालाची जागा कोरी राहिली आहे. बनियन मात्र सूनबाईंनींच पांढऱ्या फडक्यांत, कडुनिंबाचा पाला घालून, पुन्हा ट्रंकेंत ठेवलें. धुतल्यावांचून.