धंद्याच्या अभ्यासात माणसंही शिकवा

दिंडोरीकडचा एखादा मुलगा बेदाण्याच्या युनिटचा प्रकल्प अहवाल लिहितो. यंत्रं, कर्ज, सबसिडी, नफा, सगळे रकाने भरलेले. मजुरांच्या रकान्यात मात्र दोनच शब्द : 'स्थानिक, उपलब्ध'. प्रत्यक्षात बागेत येणाऱ्या टोळ्या बऱ्याचदा पेठ-सुरगाण्याच्या असतात. होळीला त्या गावी जातात आणि द्राक्षांचा हंगाम तेव्हाच भरात असतो. उचल कोणी दिली, मुकादमाचा शब्द कुठवर चालतो, बायकांना पुरुषांइतकी हजेरी मिळते का, यावर ते युनिट चालणार की बंद पडणार हे ठरतं. हे सगळं समाजशास्त्राच्या अभ्यासात येतं.

म्हणून नाशिकच्या पालकांना आणि प्राध्यापकांना कळकळीची विनंती आहे. मुलांना उद्योजकता जरूर शिकवा, पण समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र यांना 'आर्ट्सचे विषय' म्हणून बाजूला सारू नका. लेक समाजशास्त्र घेते म्हणाली, तर तिला अडवू नका.

२०१० साल बागाईतदार विसरलेले नाहीत. वेलीची वाढ रोखायला वापरलेल्या क्लोरमेक्वाटचे अंश द्राक्षांत सापडले आणि युरोपात आपले कंटेनर अडकले. एकाच्या फवारणीची झळ साऱ्यांना बसते, तेव्हा शेजाऱ्याच्या बागेवर भरवसा कसा ठेवायचा, हा प्रश्नही समाजशास्त्राचाच. मोहाडीत विलास शिंदे यांनी शेतकऱ्यांना जोडून सह्याद्री फार्म्स उभी केली. तिथलं शीतगृह डोळ्यांत भरतं, पण माझ्या मते शेकडो बागाईतदारांनी एकच शिस्त पाळणं हे त्याहून अवघड काम आहे. प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला तेव्हाही विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीला धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ होते. १९६४ मध्ये काकिनाड्यात छोट्या व्यावसायिकांना उद्योजकतेचं प्रशिक्षण दिलं गेलं, त्यामागे डेव्हिड मॅक्लेलँड हे मानसशास्त्रज्ञ होते.

तेव्हा मुलांना अहवालाआधी एक दिवस पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत पाठवा, एक दिवस मजुरांच्या नाक्यावर. सातबारा कोणाच्या नावावर आहे, पट्टीचे पैसे घरात कोणाच्या हाती जातात, अडीनडीला उसनवारी कोणाकडून होते, हे विचारून त्यांनी वहीत उतरवावं. त्या वहीला अहवालाइतकेच गुण द्या. अभ्यासक्रम बदलायची वाट बघायला नको; वाणिज्याचे आणि समाजशास्त्राचे दोन प्राध्यापक एकत्र बसले, तर पुढच्या सत्रातच सुरुवात करता येईल.