दुर्बिणीची बैठक

घरांत दुर्बीण आणावयाची ठरली म्हणजे सर्वांचें लक्ष भिंगाकडे लागतें. भिंग किती इंची, वस्तु किती पट मोठी दिसते, शनीचें कडें दिसेल कीं नाहीं, हे प्रश्न जो तो विचारतो. ती ज्यावर बसावयाची, त्या बैठकीविषयीं मात्र कोणी विचारीत नाहीं. परिणाम असा होतो कीं, वर्षाच्या आंत दुर्बीण पेटींत जाते, पेटी माळ्यावर जाते, आणि ‘आकाशांत पाहण्यासारखें कांहीं नाहीं’ असें मत मुलांच्या मनांत कायमचें बसतें. पैसे गेल्याचें दुःख थोडें. जिज्ञासु मुलाची हौस विझली हें नुकसान मोठें. म्हणून बेताच्या पैशांत दुर्बिणीची बैठक कशी निवडावी, याचा विचार या वेळीं करूं.

बैठकीचें महत्त्व नेमबाजांना जितकें कळतें तितकें क्वचितच दुसऱ्यास कळत असेल. रायफलीवर दुर्बीण दोन कड्यांत धरलेली असते. त्या कड्यांत दहा सेंटिमीटरांचें अंतर आहे असें धरा. त्यांतील एक कडें मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शानें, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतकें, सरकलें तर शंभर मीटरांवर नेम दहा सेंटिमीटरांनीं चुकतो. म्हणून मोजक्या पैशाचा शहाणा नेमबाज भिंग साधें घेतो, पण कडीं व त्यांचे स्क्रू पक्के घेतो. आमच्या बहुतेक वाचकांस रायफलीशीं कर्तव्य नसेल. परंतु हेंच गणित आकाशाच्या दुर्बिणीस अधिकच कठोरपणें लागू पडतें. पन्नास पट मोठें दाखविणारी दुर्बीण थरथरहि पन्नास पट मोठी करते. चंद्राचें बिंब आकाशांत अर्धा अंश, म्हणजे सुमारें तीस कला रुंद असतें. बैठक एक कला जरी हलली, तरी डोळ्यास ती पन्नास कलांची उडी वाटते. साध्या डोळ्यांनीं दिसणाऱ्या चंद्रबिंबाहूनहि मोठी!

आपल्या किनाऱ्यावर तर या गोष्टीचें एक जुनें स्मारकच आहे. ता. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून विजापूर, गुंटूरकडे गेला. विजयदुर्ग किल्ल्यांत ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. त्या ग्रहणाच्या वेळीं दुर्बिणी ठेवण्याकरितां ते बांधले, असें तेथें सांगतात. नॉर्मन लॉकियर यांनीं याच ओट्यांवरून हेलियमचा शोध लावला, अशीहि लोकांत समजूत आहे. वस्तुतः लॉकियर त्या वर्षीं इंग्लंडांत होते. ग्रहणाच्या दिवशीं फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन हे गुंटूरला निरीक्षण करीत होते; लॉकियर यांनीं सूर्याच्या ज्वालांतील ती पिवळी रेषा त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, ग्रहणावांचूनच, आपल्या देशीं पाहिली. ते हिंदुस्थानांत आले ते १८७१ च्या डिसेंबरांतील ग्रहणासाठीं, आणि तेंहि केरळच्या किनाऱ्यावरील बेकल येथें. पृथ्वीवर हेलियम हातीं लागला तो १८९५ सालीं, रॅम्से यांच्या प्रयोगशाळेंत. यामुळें विजयदुर्गाच्या ओट्यांची किंमत कमी होते असें आम्हांस वाटत नाहीं. ग्रहणाच्या त्या चार-सहा मिनिटांसाठीं आधीं पायाखालची जागा पक्की केली पाहिजे, ही समज त्यांत आहे, व आपण घ्यावयाची ती हीच.

आतां एकत्र कुटुंबाची गोष्ट पाहूं. एकट्यानें दुर्बीण वापरणारा मनुष्य डुगडुगणाऱ्या तिवईशींहि जमवून घेतो. श्वास रोखतो, हात लावीत नाहीं. परंतु मे महिन्याच्या सुटींत मुंबई-पुण्याची मंडळी घरीं आली कीं अंगणांत दहा-बारा माणसें रांगेनें उभीं राहतात. त्यांत सहा वर्षांचें मूल असतें, आणि ‘मला मेलीला काय दिसणार’ असें म्हणत पुढें येणारी आजीहि असते. आकाश या मंडळींसाठीं थांबत नाहीं. पृथ्वीच्या फिरण्यामुळें चंद्र आपल्या रुंदीइतकें अंतर दोन मिनिटांत ओलांडतो. पन्नास पटींच्या दुर्बिणींत सुमारें एक अंश आकाश मावतें. तेव्हां मध्यभागीं आणलेला ग्रह दोन मिनिटांत कडेला जातो. प्रत्येकास वीस सेकंद धरले, तर बारा जणांना चार मिनिटें लागतात. म्हणजे मध्यें निदान एकदां दुर्बीण सरकवावी लागणारच. त्यांत पहिल्याचा धक्का निवळण्यास पांच-सहा सेकंद गेले, आणि सरकवतांना ग्रहच निसटला, तर रांगेच्या शेवटीं उभ्या असलेल्यांच्या वाट्यास काळोख येतो. आणि शेवटीं कोण उभें राहतें, हें प्रत्येक घरांतील सुनांस ठाऊक आहे. भिंगामुळें एकाला दिसतें. बैठकीमुळें सर्वांना दिसतें. कुटुंबासाठीं दुर्बीण घेणाऱ्यानें हें एवढें लक्षांत ठेविलें म्हणजे पुरे.

बाजारांत बैठकीचे प्रकार मुख्यतः तीन. पहिली बारीक पायांची तिवई. स्वस्त दुर्बिणीबरोबर बहुधा हीच येते. दुसरी ‘इक्वेटोरियल’, म्हणजे विषुववृत्तीय बैठक. हिचा एक आंस ध्रुवाच्या दिशेनें रोखला कीं एकच चाकी फिरवून तारा दृष्टींत ठेवतां येतो. वर्णन ऐकून मन तिकडे ओढ घेतें. परंतु आपल्या भागीं तिला अडचण आहे. मालवणचा अक्षांश सुमारें सोळा. म्हणून ध्रुवतारा येथें क्षितिजावर अवघा सोळा अंश, हात लांब करून धरलेल्या मुठीच्या दीडपट उंचीवर असतो. माडांच्या आड किंवा डोंगराआड तो सहज लपतो. शिवाय आंस इतका आडवा करावा लागतो कीं, स्वस्त बैठकींत तोल राखणाऱ्या वजनाचा दांडा तिवईच्या पायाला लागतो. युरोपच्या अक्षांशांत सुखानें नांदणारी ही वस्तु बेताच्या पैशांत आपण घेऊं नये.

तिसरा प्रकार लांकडी पेटीचा. अमेरिकेंत सान फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीच्या मठांत १९४४ पासून १९६७ पर्यंत राहिलेले जॉन डॉब्सन यांनीं तो लोकप्रिय केला. रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांस चंद्र व ग्रह दाखविणें, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग होता. तेव्हां त्यांची बैठकहि रांगेसाठींच जन्मलेली. नळी एका पेटींत दोन गोल कानांवर वर-खालीं होते, व पेटी पाटासारख्या तळावर गरगर फिरते. घर्षणाच्या जागीं टेफ्लॉनचे लहान तुकडे असतात. त्यामुळें ती बोटानें सरकते आणि बोट काढतांच थांबते. गांवचा सुतार पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडची अशी पेटी करूं शकतो. चार-पांच इंची आरशाची आंखूड दुर्बीण याच पद्धतीच्या लहान, मेजावर ठेवण्याच्या बैठकीसह तयार मिळते. मध्यम स्थितीच्या घरास तीच सर्वांत सोयीची.

मात्र तिला मेज भक्कम हवें, आणि डुगडुगणाऱ्या मेजानें सर्व मुसळ केरांत जातें. यावर उपाय आपल्या अंगणांतच आहे. जांभ्याचे चिरे रचून कमरेइतका ओटा बांधावा, व वर सपाट फरशी बसवावी. लहानांस उभें राहण्यास पाट ठेवावा. आजींस खुर्ची द्यावी. ओटा माडांपासून दूर, दक्षिण मोकळी दिसेल असा असावा. मे महिन्याच्या आरंभीं रात्रीं त्रिशंकु दक्षिणेस खालीं दिसतो, तो उत्तरेकडील लोकांस दुर्लभ. माडीच्या तक्तपोशीवर मात्र दुर्बीण कधीं लावूं नये. शेजारून कोणी चाललें तरी गुरु नाचूं लागतो.

घरांत तिवई आधींच असेल, तर ती टाकून देण्याचें कारण नाहीं. पाय पुरते लांब न करतां आंखूडच ठेवावे, आणि पाहणाऱ्यांनीं बसून पाहावें. मध्यभागीं वाळूची पिशवी टांगावी. वाळू आपल्याकडे विकत घ्यावी लागत नाहीं. नवी घेतांना दुकानांतच परीक्षा करावी. दूरच्या खांबावर दुर्बीण रोखून नळीला हलकी टिचकी मारावी व मनांत अंक मोजावे. दोन म्हणण्याच्या आंत चित्र स्थिर झालें तर बैठक घेण्याजोगी. पांच झाले तरी थरथर चालू असेल, तर भिंग कितीहि सुंदर असो, ती दुर्बीण दुकानांतच राहूं द्यावी. ठरविलेल्या रकमेपैकीं निम्मी बैठकीला गेली तरी ती वायां गेली असें मानूं नये. शक्य तर पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, १९४४ पासून चाललेल्या, हौशी मंडळींच्या संस्थेंत आधीं चार दुर्बिणी हाताळून पाहाव्या.

दोन सूचना राहिल्या. खाऱ्या हवेनें स्क्रू गंजतात. म्हणून काम झाल्यावर ते कोरड्या फडक्यानें पुसावे, व पावसाचे चार महिने दुर्बीण ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटींत ठेवावी. आणि सूर्याकडे, पुढच्या तोंडावर खास गाळणी बसविल्यावांचून, दुर्बिणींतून क्षणभरहि पाहूं नये. डोळा कायमचा जातो. दिवसा दुर्बीण ओट्यावर उघडी ठेवून घरांत जाण्याची संवय मुळींच लागूं देऊं नये.

इतकें संभाळलें तर चांदण्या रात्रीं घरांतील सर्वांत शेवटीं हात पुसत येणाऱ्या गृहिणीलाहि शनीचें कडें तितकेंच स्वच्छ आणि स्थिर दिसेल. रांगेंत पहिल्या उभ्या राहिलेल्या मुलाला तें दिसलें, एवढ्यावर आमचें समाधान नाहीं.