संमेलनाच्या मांडवात सामान्य वाचक कोठे?

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पार पडले की त्याच्या फलश्रुतीची चर्चा सुरू होते. ही चर्चाही आता संमेलनाइतक्याच नियमाने होत असते. आयोजक गर्दीचे आणि ग्रंथविक्रीचे आकडे पुढे करतात. टीकाकार ‘ही तर जत्रा झाली’ असे म्हणून मोकळे होतात. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीत तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ९८ वे संमेलन झाले, २०२६ च्या जानेवारीत साताऱ्यात विश्वास पाटील यांच्या अध्यक्षतेखाली ९९ वे झाले. दोन्ही वेळा हाच संवाद पुन्हा ऐकू आला. या दोन्ही पक्षांच्या बोलण्यात एका माणसाचा उल्लेख मात्र अभावानेच असतो. तो लेखक नाही, समीक्षक नाही, प्राध्यापक नाही, कोणत्याही साहित्यसंस्थेचा सभासदही नाही. वर्तमानपत्रात वाचून, कुतूहलापोटी, एक दिवसाची सवड काढून तो मांडवात येतो. संध्याकाळी घरी परतताना तो काय घेऊन जातो? संमेलन यशस्वी झाले की नाही, हे याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरले पाहिजे.

प्रश्न जुनाच आहे

न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. रानडे हेच तिचे अध्यक्ष होते. ग्रंथकारांनी एकत्र यावे, ग्रंथप्रसाराला चालना मिळावी, वाचकवर्ग वाढावा, असा तिचा हेतू होता. पुढची सभा १८८५ साली भरली, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांना निमंत्रण गेले. त्यांनी ते स्वीकारले नाही. ज्यांच्या ग्रंथांत शेतकऱ्याच्या आणि शूद्रातिशूद्रांच्या सुखदुःखाला जागा नाही, त्यांच्या सभेत आमचे काय काम, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. त्या पत्रातील शब्द कठोर होते. पण समाजाचा मोठा भाग बाहेर ठेवून भरणारी सभा सर्व समाजाची म्हणवून घेऊ शकत नाही, हा त्यातील मुद्दा आजही तितकाच खरा आहे.

मधल्या काळात पुष्कळ बदलले. अध्यक्षपदावर दलित, ग्रामीण आणि ख्रिस्ती समाजातील साहित्यिक विराजमान झाले. संमेलन पुण्या-मुंबईच्या बाहेर पडले. उदगीर, अमळनेर, वर्धा, उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे पोहोचले. २०१५ साली संत नामदेवांच्या वास्तव्याने पावन झालेल्या पंजाबातील घुमानलाही ते भरले. व्यासपीठ अशा रीतीने रुंदावले. व्यासपीठासमोर बसणाऱ्याचे स्थान मात्र १८७८ मध्ये होते तेच राहिले. त्याने ऐकावे, टाळ्या वाजवाव्यात आणि उठून जावे.

कासार आंबोलीहून निघालेला वाचक

हा प्रश्न एका गावाच्या जागी उभे राहून पाहिला की अधिक स्पष्ट होतो. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात, पिरंगुटच्या परिसरात, पौडच्या वाटेवर कासार आंबोली हे गाव आहे. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा याच गावात आहे. आजूबाजूला कारखाने आले, शेतांच्या कडेला वसाहती उभ्या राहिल्या. पुणे शहर जवळ आले, तरी साहित्यविश्वाच्या नकाशावर या टापूला ठळक स्थान नाही. २०१६ च्या जानेवारीत पिंपरी-चिंचवडला ८९ वे संमेलन भरले, तेव्हा ते या गावापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर होते. अशा गावातून एखादी शिक्षिका, एखादा कारखान्यातला कामगार, बारावीतली एखादी मुलगी मांडवात आली, तर त्यांच्या वाट्याला काय येते, याचा विचार करावा.

मुख्य मंडपात उद्घाटन असते. स्वागताध्यक्षांचे भाषण, मंत्र्यांचे भाषण, मावळत्या अध्यक्षांचे भाषण, मग नव्या अध्यक्षांचे भाषण. त्यांच्यामध्ये शाल आणि श्रीफळ यांची देवाणघेवाण. दुपारच्या परिसंवादात पाच-सहा वक्ते असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटे येतात. ज्या पुस्तकांचे उल्लेख होतात ती श्रोत्याने वाचलेली असतील असे गृहीत धरलेले असते. ती कोणती, हे त्याला आधी कोणी सांगितलेले नसते. प्रश्न विचारण्याची वेळ येते तेव्हा सूत्रसंचालक वेळेअभावी क्षमा मागतो. शेवटी तो वाचक उठतो आणि ग्रंथदालनाकडे वळतो.

संमेलनाला तो आला ते बहुधा यासाठीच. पण तेथेही त्याची वाट सोपी नसते. गाळे प्रकाशकांच्या नावाने मांडलेले असतात आणि प्रकाशकांची नावे जाणकारांनाच ठाऊक असतात. मुळशीच्या वाचकाला आपल्या तालुक्याचा इतिहास वाचायचा असेल, तर ते पुस्तक कोठे शोधायचे? टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मावळ्यांनी जो लढा दिला, तो धरणग्रस्तांच्या जगातील आद्य लढ्यांपैकी एक मानला जातो. त्या लढ्यात प्रत्यक्ष उतरलेल्या विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचा वृत्तान्त लिहून ठेवला; पुढे राजेंद्र व्होरा यांनी त्यावर अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिला. ज्यांच्या पणजोबांची शेते त्या पाण्याखाली गेली, त्यांच्या हाती ही पुस्तके पडणे हे कोणत्याही परिसंवादापेक्षा मोठे साहित्यकार्य ठरेल. ते योगायोगावर सोडून दिलेले असते.

वादांची मेजवानी

घरी राहिलेल्या वाचकापर्यंत संमेलन पोहोचते ते बहुतेक वेळा वादाच्या रूपाने. २००९ साली महाबळेश्वरचे संमेलन ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरील वादामुळे नियोजित अध्यक्षांविना पार पडले. २०१६ साली पिंपरी-चिंचवडच्या आधी अध्यक्षांच्या वक्तव्यावरून रणधुमाळी झाली. २०१९ साली यवतमाळला उद्घाटकांचे निमंत्रण मागे घेण्यावरून वादळ उठले. यांतील काही वाद अटळ होते, काही टाळता आले असते. परंतु महिनाभर वाद वाचलेल्या माणसाला त्या वर्षीच्या अध्यक्षांचे एक तरी पुस्तक वाचावेसे वाटले का, हे कोणी विचारले नाही. अनेक वर्षे अध्यक्षांची निवड हजाराच्या आसपास मतदार करीत असत. २०१८ साली साहित्य महामंडळाने निवडणूक बंद करून सन्मानाने निवड करण्याची पद्धत आणली आणि अरुणा ढेरे यांच्यापासून ती अमलात आली. बदल स्वागतार्ह होता. निवडणुकीचा चिखल गेला. वाचक आधीही प्रक्रियेच्या बाहेर होता, तो नंतरही बाहेरच राहिला.

व्यासपीठावरून श्रोत्याला आयुष्यभर पुरेल असे काही मिळूच शकत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९३८ साली मुंबईच्या संमेलनात अध्यक्षपदावरून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तरुणांना लेखणीऐवजी शस्त्र हाती घेण्याचे आवाहन केले. साहित्यिकांच्या सभेत असे बोलावे काय, हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि म्हणूनच ते भाषण जिवंत आहे. १९७५ साली आणीबाणीच्या काळोखात कराडला संमेलन भरले. केंद्रीय मंत्रिमंडळातील यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते आणि दुर्गा भागवत अध्यक्ष. बंदिवासातून नुकतेच सुटलेल्या, रुग्णशय्येवरील जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी त्यांनी सभेला प्रार्थना करावयास लावली. त्या मांडवात साहित्याचा गंधही नसलेला एखादा शेतकरी असेल, तर त्यालाही त्या क्षणाचा अर्थ कळला असेल. अशा वेळी जाणकार आणि नवखा हा भेद उरत नाही. परंतु असे प्रसंग मागून मिळत नाहीत. त्यांच्या भरवशावर दरवर्षीचे नियोजन करता येत नाही.

जगभरातील रसिकमेळ्यांचा अनुभव

हा पेच केवळ मराठीचा आहे असेही नाही. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन भरले. १९७० साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे चित्रकथांच्या चाहत्यांचा मेळावा सुरू झाला आणि पुढे तो अवाढव्य झाला. २०११ पासून त्याच धर्तीचे ‘कॉमिक कॉन’ भारतात दिल्ली, मुंबई येथे भरू लागले. तेथेही निष्ठावंत चाहते आणि सहज डोकावणारे यांच्यात हीच कुरबुर असते. निष्ठावंतांना वाटते, गर्दीने मेळ्याचा आत्मा हरवला. सहज आलेल्याला वाटते, रांगेत दिवस गेला आणि हाती काही लागले नाही. त्या मेळ्यांचे बाजारी रूप अनुकरणीय नाही. तरी त्यांची एक पद्धत घेण्याजोगी आहे. चित्रकार आपल्या चित्रांसह एका साध्या टेबलापाशी दिवसभर बसतो, येणारा-जाणारा त्याच्याशी बोलतो. आपल्याकडे लेखक व्यासपीठावर दिसतो आणि भाषण संपताच गाडीकडे जाताना दिसतो.

कीर्तनाचा धडा

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. साहित्य हे करमणुकीचे साधन नव्हे. ज्याने वाचलेच नाही त्याच्या समाधानासाठी संमेलनाची पातळी खाली आणावी काय? आक्षेप योग्य आहे, पण तो या परंपरेकडे पाठ फिरवून घेतला जातो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वनिरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते. तत्त्वाचा जाणकार पूर्वरंगाने तृप्त होतो, लहान मूल आख्यानाने. आणि आख्यान ऐकता ऐकता ते मूल एक दिवस पूर्वरंगापर्यंत पोहोचते. वारकरी कीर्तनकार एकच अभंग घेतो आणि दोन तास त्याचाच विस्तार करतो. मुळशी-मावळातील गावोगावच्या हरिनाम सप्ताहात हे आजही घडते. तेथे शेवटच्या रांगेत बसलेल्या अडाणी म्हातारीसाठी पातळी कोणी खाली आणलेली नसते. तिला सोबत घेऊन ती वर नेलेली असते.

संगीताच्या क्षेत्रातही असेच उदाहरण आहे. पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मृत्यर्थ १९५३ साली पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात बैठकीवर दाटीवाटीने बसून, रागाचे नावही न ओळखणाऱ्या कितीतरी लोकांचे कान तयार झाले. गायकांनी त्यांच्यासाठी ख्याल सोपा केला नाही. पूर्ण गाणे त्यांच्यासमोर ठेवले, एवढेच.

काय करता येईल?

संमेलनासाठीचे शासकीय अनुदान अलीकडे ५० लाख रुपयांवरून २ कोटींवर गेले. पैसा जनतेचा आहे, तेव्हा जनतेच्या पदरात काय पडले हे पाहणे हा हट्ट ठरत नाही. परिसंवाद निम्मे करावेत आणि उरलेल्या वेळात एकेका पुस्तकावर एकेक सत्र ठेवावे. पुस्तकांची नावे तीन महिने आधी जाहीर करावीत, म्हणजे येणारा वाचून येईल. ग्रंथदालनात प्रकाशकांच्या गाळ्यांबरोबरच विषयवार मांडणीचे एक दालन असावे आणि यजमान जिल्ह्यातील तालुक्यांवरची पुस्तके तेथे अग्रभागी असावीत. लेखकांनी ठरलेल्या वेळी तेथे बसावे, सत्काराविना. उद्घाटनाचा समारंभ एका तासात आटोपावा.

त्याहून महत्त्वाचे काम मांडव उतरल्यावर सुरू होते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात खेडोपाडी ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. त्यांची संख्या आज अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. संमेलनात जागलेले कुतूहल सांभाळण्याची जागा तीच आहे. परंतु संमेलन आणि गावचे ग्रंथालय यांच्यात कोणताही नियमित दुवा नाही. मे २०१७ मध्ये सातारा जिल्ह्यातील भिलार हे गाव ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथे सुरुवातीला २५ ठिकाणी, घरांत आणि देवळांत, पुस्तके ठेवली गेली. स्ट्रॉबेरी घ्यायला आलेला प्रवासीही तेथे ओसरीवर बसून कादंबरीची चार पाने वाचतो. २०२३ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणाऱ्या पुणे पुस्तक महोत्सवात तरुणांची रीघ लागते. मराठी माणूस वाचत नाही, या तक्रारीला ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत. पुस्तक त्याच्या वाटेवर ठेवले तर तो थांबतो.

९९ संमेलने झाली. शंभरीचा सोहळा थाटात होईल, यात शंका नाही. स्मरणिका निघतील, माजी अध्यक्षांची तैलचित्रे लागतील. तो मान त्यांचा आहेच. परंतु रानड्यांची पहिली सभा भरली ती वाचक वाढावा म्हणून, आणि जोतीरावांनी ती नाकारली ती वाचणारा-भोगणारा समाज तिच्यात दिसेना म्हणून. या दोघांचेही देणे अजून फिटलेले नाही. शंभराव्या संमेलनाला कासार आंबोलीसारख्या गावातून आलेली ती बारावीतली मुलगी परतीच्या गाडीत पुस्तक उघडून बसली, तर महामंडळाने समारोपाचा ठराव केला नाही तरी चालेल.