परवाना नौकेला, जाकीट माणसाला

२५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची नौका उलटून एकाचा अंत झाला. विसाच्या आसपास जणांना जीवरक्षकांनी वाचविले. दोघांच्या अंगावर जाकिटे नव्हती, असे तेव्हा सांगण्यात आले. नौकेला बंदर कप्तान खात्याची नोंदणी व परवाना हवा, हे योग्यच. पण परवाना माणसाला तरंगत ठेवीत नाही! छायाचित्र चांगले यावे म्हणून जाकीट नाकारणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत, आणि गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून गप्प बसणारे तांडेलही. जीवरक्षक दिवसभर त्याच वाळूवर उभे असतात. बुडत्याला बाहेर काढण्याचेच काम तेवढे त्यांच्याकडे का? जाकिटाविना निघालेली नौका किनाऱ्यावरच अडविण्याचा अधिकार सरकारने त्यांना द्यावा.