मुलांच्या कामाला शाळेत जागा हवी

शाळेच्या संगणक कक्षातला कुठलाही एक संगणक सुरू करावा आणि डेस्कटॉपवर नजर टाकावी. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर (२)’, ‘प्रोजेक्ट फायनल’, ‘प्रोजेक्ट फायनल नवीन’, ‘८ ब हात लावू नये’. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा, तशी पोरांनी आपापली जागा धरून ठेवलेली असते. पुढच्या तासिकेला तोच संगणक वाट्याला येईल याची खात्री नसते. आलाच, तर मधल्या काळात दुसऱ्या तुकडीतल्या कुणीतरी ‘कचरा’ म्हणून ती फाइल उडवलेली असते. मग सर सांगतात, पुन्हा कर. पोरगं पुन्हा करतं, पण पहिल्यापेक्षा निम्म्या मनाने.

या पोराविषयीच्या नोंदी मात्र चोख असतात. राज्याने २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आणली, त्यात त्याचा क्रमांक आहे. केंद्राच्या यू-डायस प्लसमध्ये आहे. आता बारा अंकी ‘अपार’ आहे आणि आधार तर आहेच. त्याच्या शाळेलाही अकरा अंकी कोड आहे. वर्धा जिल्ह्यात तो २७०८ ने सुरू होतो, २७ हे राज्य आणि ०८ हा जिल्हा. मूल कुठल्या वर्गात आहे, त्याची जात कोणती, त्याला गणवेश मिळाला का, हे सगळे शिक्षकाने रात्री जागून भरलेले असते. त्या मुलाने संगणकावर काय केले, एवढेच कुठे ठेवलेले नसते.

निदान वर्ध्याला तरी हे खटकायला हवे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी इथेच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीमचा आराखडा तयार झाला. पुढे आर्यनायकम आणि आशादेवी यांनी सेवाग्रामात तो राबवला. त्या अभ्यासक्रमात सूतकताईला वर्गवार मोजमाप होते: किती वेळात किती सूत निघावे, ते किती अंकाचे असावे. सूत मोजता मोजता गणित यायचे. मुलाच्या हातून निघालेली वस्तू आणि तिची नोंद हाच शिक्षणाचा कणा होता. आज तकलीच्या जागी कीबोर्ड आला. हरकत नाही. पण हातून निघालेले सूत दर आठवड्याला फेकून दिले असते, तर त्या शाळेत काय शिकवले गेले असते?

उपाय जुना आहे आणि साधाही. प्रत्येक विद्यार्थ्याला शाळेच्या सर्व्हरवर स्वतःचे एक फोल्डर आणि ते उघडणारा स्वतःचा लॉगिन द्यायचा. मूल कोणत्याही संगणकावर बसले तरी त्याचे काम त्याच्या समोर यावे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने १९८३ मध्ये ‘अथेना’ प्रकल्प हाती घेतला तो याच कल्पनेवर: यंत्र कुणाचेही असो, फाइली विद्यार्थ्याच्या मागे जाव्यात. लिनक्स यंत्रावरचे फोल्डर विंडोज संगणकांना दाखवणारे ‘सांबा’ हे सॉफ्टवेअर १९९२ पासून आहे आणि ते फुकट मिळते. केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर रुजवून दाखवले, तेव्हा हे आपल्याला झेपायचे नाही असे म्हणण्यात फारसा दम नाही.

खरी गोम फोल्डरच्या नावात आहे. शाळा सहसा ‘८ब-१७’ असे काहीतरी नाव देते, म्हणजे वर्ग, तुकडी आणि हजेरी क्रमांक. पुढच्या जूनला आठवी ब ची नववी क होते, सतराचा तेवीस होतो आणि सगळा पसारा नव्याने नावे देऊन हलवावा लागतो. ते काम कुणी करत नाही. मग जुन्या सतराच्या फोल्डरात नवा सतरा जाऊन बसतो आणि गेल्या वर्षीच्या मुलीचा निबंध वाचून हसतो.

न बदलणारा क्रमांक शाळेकडे कधीपासूनच आहे. प्रवेश घेताना जनरल रजिस्टरमध्ये जो नंबर पडतो तो शाळा सोडेपर्यंत तोच राहतो, दाखल्यावरही तोच छापला जातो. फोल्डरला तोच नंबर द्यावा आणि ही फोल्डरे प्रवेशाच्या वर्षानुसार ठेवावीत: ‘२०२४’ च्या आत त्या साली दाखल झालेली सगळी मुले. वर्ग आणि तुकडी ही माहिती फोल्डरच्या नावात नव्हे, लॉगिनच्या गटात असावी. जूनमध्ये गट तेवढे बदलायचे, फाइल एकही हलवायची नाही. ज्याने लाल कापडात बांधलेले ते रजिस्टर सांभाळले आहे, त्या शाळेच्या लिपिकाला हे संगणकाच्या ठेकेदारापेक्षा लवकर समजेल.

दुसरा घोळ लॉगिनचा. काही ठिकाणी अशी रचना करतात की लॉगिन केल्यावर मुलाचा अख्खा डेस्कटॉप सर्व्हरवरून उतरतो आणि बाहेर पडताना पुन्हा चढतो. हिशेब करून पाहावा. तीस मुले, प्रत्येकी २०० एमबी, म्हणजे सहा जीबी. शाळेतला जुना स्विच १०० एमबीपीएसचा असेल, तर पूर्ण वेगाने चालूनही आठ मिनिटे गेली. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत जाताना आणि येताना मिळून सोळा. त्यापेक्षा फाइल सर्व्हरवरच राहावी, जी उघडायची तेवढीच यावी. जागेचीही चिंता नको. एक टीबीच्या डिस्कवर पाचशे मुलांना प्रत्येकी दोन जीबी मिळतात आणि शालेय लेखन, चित्रे, स्क्रॅचचे खेळ यांना तेवढे पुष्कळ झाले. मर्यादा घातली नाही, तर दोनच पोरे सिनेमे भरून डिस्क संपवतील, हेही खरे.

हे सगळे गूगलवर का ठेवू नये, असे कुणी विचारेल. ठेवावे, जिथे जमेल तिथे. पण गूगलने शिक्षणसंस्थांची अमर्याद जागा २०२२ मध्ये बंद करून संस्थेमागे १०० टीबीची मर्यादा आणली. फुकटाचे नियम देणाराच ठरवतो. शिवाय आष्टी-कारंजाकडच्या गावात इंटरनेट गेले तरी शाळेतल्या शाळेतले जाळे चालू राहते. त्यात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला ‘मूल’ धरले आहे आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या खात्रीलायक संमतीची अट घातली आहे. शाळांना काही सवलती असल्या, तरी मुलांचे काम शाळेच्या भिंतींच्या आत असलेले बरे.

आतही पहारा किती ठेवायचा, हा प्रश्न आहेच. मुलांना एकमेकांची फोल्डरे दिसू नयेत, यावर वाद नाही. शिक्षकांना दिसावीत का? गृहपाठ टाकण्यासाठी वेगळे फोल्डर करावे. त्यात मुलाला फाइल टाकता यावी, दुसऱ्याची पाहता येऊ नये आणि शिक्षकाला सगळ्या दिसाव्यात. मुलाच्या स्वतःच्या फोल्डरात मात्र कारण असल्याशिवाय आणि मुलाला सांगितल्याशिवाय कुणी शिरू नये. नववीतली मुलगी तिथे कविता लिहून ठेवत असेल. ती आधी वर्गशिक्षकांनी वाचायची काय गरज?

अडचण पैशापेक्षा माणसाची आहे. समग्र शिक्षा योजनेत संगणक कक्षासाठी शाळेमागे ६ लाख ४० हजारांपर्यंत एकदाच मिळतात आणि वर्षाला २ लाख ४० हजारांपर्यंत आवर्ती खर्च मिळतो, तोही पाच वर्षेच. सहाव्या वर्षी कक्षाची किल्ली बहुधा ज्या शिक्षकाला टायपिंग येते त्याच्याकडे जाते. वर्धा शहर आणि सेवाग्राम परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिप हवीच असते. एका शाळेचा सर्व्हर लावून देणे, शिक्षकाला बॅकअप शिकवणे आणि वर्षभर फोन उचलणे यापेक्षा खरे काम त्यांना कुठे मिळणार? बॅकअप मात्र वेगळ्या डिस्कवर हवा आणि ती डिस्क मुख्याध्यापकांच्या कपाटात हवी. सर्व्हरमध्ये जोडीने लावलेल्या दोन डिस्कना बॅकअप समजू नये. मुलाने चुकून पुसलेली फाइल त्या दोन्हींवरून एकदमच जाते. वर्ध्याचा मे महिना पाहता, सुट्टीत बंद खोलीत ते यंत्र चालू ठेवू नये, हेही कुणीतरी लिहून चिकटवायला हवे.

ग्रामीण भागात मूल अनेकदा चौथी किंवा सातवीनंतर शाळा बदलते, गावच्या जिल्हा परिषद शाळेतून तालुक्याच्या हायस्कुलात जाते. तेव्हा त्याच्या हातात दाखला पडतो. त्याच दिवशी त्याचे फोल्डरही पेन ड्राइव्हवर त्याला मिळावे आणि ते मिळाल्याची सही जनरल रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात घ्यावी. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनअखेरीस उघडतात. त्याआधी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने एवढ्या दोन गोष्टींचे, फोल्डरला रजिस्टर नंबर देण्याचे आणि दाखल्यासोबत फोल्डर देण्याचे, एक पानी पत्र आठही तालुक्यांना पाठवायला हरकत नसावी.