एसटी येत नाही, म्हणून हप्ता येतो

‘एसटी सोडून जो तो गाडी घेतो, प्रदूषण वाढणार नाही तर काय?’ असा उपदेश शहरातले पर्यावरणप्रेमी मित्र आम्हाला करतात. शेणवा परिसरात काम करताना आम्हाला उलटा प्रश्न पडतो : गाडी घेतली नाही, तर माणसाने जायचे कसे?

शेणव्याहून मुंबईकडे कामाला जायचे तर आधी आसनगाव स्टेशन गाठावे लागते. लोकल कुणासाठी थांबत नाही, आणि एसटी वेळेवर येईल याची खात्री नाही. मुरबाडला तर रेल्वेच नाही. जीप भरल्याशिवाय हलत नाही. लोकल चुकली की खाडा, खाडा पडला की मजुरी बुडाली. म्हणून पोरगा हप्त्यावर मोटारसायकल घेतो. काहीजण मिरवायला घेतात, हे खरे. पण बहुतेकांसाठी ती चैन नाही. सरकारने न दिलेल्या सेवेचा तो दंड आहे.

यात आमच्या समाजाचा आणखी एक हिशेब आहे. १९०१ साली मसूर स्टेशनवर लहानग्या भीमरावाला आणि त्याच्याबरोबरच्या मुलांना गाडीवान बसवून घेईनात. दुप्पट भाडे देऊन मुलांनाच बैलगाडी हाकावी लागली. १९२९ साली चाळीसगावात बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांचा टांगा हाकायलाही टांगेवाले तयार नव्हते. ज्यांच्या वाडवडिलांना दुसऱ्याच्या गाडीत जागा नाकारली गेली, त्यांना स्वतःच्या गाडीत प्रतिष्ठा दिसली तर नवल काय?

पण ही प्रतिष्ठा अर्धीच आहे. गाडीची किल्ली बहुधा पुरुषाच्या खिशात असते. बाई, शाळकरी मुलगी आणि म्हातारी माणसे फाट्यावरच उभी राहतात. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. पण बसच आली नाही, तर सवलत कशावर घ्यायची? तिकीट काढले की जात न विचारता शेजारी बसवणारी एसटी ही समतेची जागा आहे. ती मोडली, तर ऐपत असलेला सुटेल आणि बाकीचे मागे राहतील.

पैसा नाही, असे कुणी सांगू नये. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला, नेमका पर्यावरण दिनी, खुला झाला. तो आमच्याच शहापूर तालुक्यातून जातो आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे! भातसा-तानसाचे पाणी मुंबईला रोज न चुकता जाते, आणि इथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर. जमीन आमची, पाणी आमचे आणि उपदेशही आम्हालाच!

म्हणून मागणी साधी आहे. लोकलच्या वेळा जुळवून पहाटेची आणि रात्रीची एसटी द्या. शाळा-कॉलेजच्या वेळेची फेरी रद्द करू नका. विजेच्या बस आधी शहरांना नव्हे, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांना द्या. बांधवांनो, ग्रामसभेत हा ठराव मांडा आणि त्याची प्रत घेऊन आगारप्रमुखाला जाब विचारा. बस ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

जय भीम!