आजीचा सप्टेंबर आणि चाचीचा सप्टेंबर

२०२४ च्या नोव्हेंबरात पंधरा दिवसांच्या अंतराने दोन मतदानं झाली. पाच तारखेला अमेरिकेत, वीस तारखेला महाराष्ट्रात. मधल्या एका रविवारी न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "मामा, इथं माणसं अजून कातडीचा रंग आणि दीडशे वर्षांपूर्वीचं युद्ध डोक्यात ठेवून मत देतात. आपल्याकडं निदान रस्ता-पाणी तरी बघत असतील." मला हसू आलं. धाराशिव सोडून त्याला वीस वर्षं झाली. लांब गेलेल्या माणसाला गाव नेहमी शहाणंच आठवतं.

अमेरिकेबद्दलचं त्याचं म्हणणं मात्र खरं होतं. तिथल्या काळ्या पुरुषांना मताचा हक्क १८७० च्या घटनादुरुस्तीने मिळाला. दक्षिणेकडच्या राज्यांनी साक्षरतेच्या परीक्षा, मतदानासाठी कर अशा युक्त्या काढून तो जवळजवळ शतकभर कागदावरच ठेवला. १९६५ चा मतदान हक्क कायदा आला तेव्हा कुठे तो हक्क मतपेटीपर्यंत पोचला. गुलामगिरी संपवणारा लिंकन रिपब्लिकन पक्षाचा, म्हणून काळा मतदार पिढ्यान्‌पिढ्या त्या पक्षामागे आणि दक्षिणेतला गोरा डेमोक्रॅटिक पक्षामागे. पुढे १९३० च्या दशकात वारं फिरू लागलं आणि १९६४-६५ च्या नागरी हक्कांच्या कायद्यांनंतर चित्र पार उलटं झालं. पक्षांनी जागा बदलल्या, मतदाराच्या घरातली आठवण जागची हलली नाही. हे सारं वाचताना मला दर वेळी आमचाच जिल्हा दिसतो.

आमचं गाव नळदुर्गच्या बाजूचं. आजीच्या बोलण्यात साल कधी येत नसे. 'रझाकारात' म्हटलं की १९४८ चा उन्हाळा-पावसाळा समजायचा. पेवात दडवलेली ज्वारी, अंगावरचे डाग मोडून केलेली पुरचुंडी, आणि वडिलांना काखेत घेऊन रात्रीतून ओलांडलेली सोलापूर जिल्ह्याची हद्द. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात. म्हणजे संकट हैदराबादहून आलं नव्हतं, शेजारच्या पेठेतून आलं होतं. १३ सप्टेंबरला भारतीय लष्कर सोलापूरहून निघालं आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. १७ तारखेला निजाम शरण आला. 'ज्यांनी सोडवलं त्यांना मत,' हा आजीचा हिशेब. त्या हिशेबावर तिने मरेपर्यंत एकाच पक्षाला मत दिलं. उमेदवाराचं नाव तिला कधी माहीत नव्हतं.

दुसरा सप्टेंबर मला फार उशिरा कळला. १९८० च्या दशकात मी तालुक्याच्या शाखेत शेतीकर्ज बघत होतो. आमच्याच गल्लीतल्या, लहानपणापासून ज्यांना मी चाची म्हणत आलो त्या, एक दिवस कर्जासाठी आल्या. जमीन अजून त्यांच्या वडिलांच्या नावावर होती. वारसनोंद का नाही, असं विचारलं, तर मृत्यूचा दाखलाच नव्हता. मी म्हटलं, निदान वारले कधी त्याची तारीख तरी सांगा. त्या म्हणाल्या, "तारीख कहाँ से लाऊं, बेटा? पुलीस ॲक्शन लिखो."

त्यांचे वडील रझाकार नव्हते, शिंपी होते. लष्कर आल्यानंतरच्या आठवड्यात घराबाहेर पडले, ते परतले नाहीत. अर्जात तारखेच्या रकान्यापुढे मी रेघ ओढली. ज्या घराच्या ओट्यावर मी खेळलो, पुरणपोळी देऊन शीरखुर्मा घेऊन आलो, त्या घरातली ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. आजीला ठाऊक होती का? असणारच. तिने ती सांगितली नाही, एवढंच.

त्या दिवसांत काय घडलं ते पाहायला केंद्र सरकारने १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव होतं. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्या अहवालात आहे. कित्येक दशकं तो लोकांपुढे आलाच नाही. रझाकारांचे अत्याचार खरे आणि त्यानंतरचा हा सूडही खरा. पण निवडणुकीच्या सभेत मी आजवर फक्त पहिलीच गोष्ट ऐकली आहे, आणि मोहल्ल्यात दबक्या आवाजात फक्त दुसरी.

तिसरी आठवण दलित वस्तीची. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत दलितांची घरं जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. तेव्हा आमचा लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होता, २००९ मध्ये तो खुला झाला. सगळेच उमेदवार दलित, म्हणजे जात बाजूला पडेल, असं एखाद्याला वाटेल. तसं झालं नाही. नामांतराला विरोध करणाऱ्या शिवसेनेचा दलित उमेदवार इथून १९९६ मध्ये निवडून आला. उमेदवाराच्या जातीमागे कोण उभं आहे, हे गाव बरोबर ओळखत होतं.

आणि आता ताजा इतिहास. उस्मानाबाद हे नाव निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून पडलेलं. त्याचं धाराशिव करायला केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिली. मलाही आनंद झाला, लेण्यांइतकं जुनं नाव परत आलं. त्याच वर्षी मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं आणि कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली. नोंदी कुठल्या? निजामाच्या दप्तरातल्या. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य करणारा शासन निर्णय निघाला. पाटीवरून ज्याचं नाव पुसलं, त्याच्याच कागदांत आम्ही आमची ओळख शोधत आहोत. यात हसण्यासारखं काही नाही. कोरडवाहू रानावर पोरं शिकवणाऱ्या बापाचा नाइलाज आहे तो. पण इतिहास आपण सोयीने उघडतो आणि सोयीने मिटतो, एवढं यातून कळावं.

२०२४ च्या लोकसभेत मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महायुतीने गमावल्या. धाराशिवमध्ये मशाल सव्वातीन लाखांहून अधिक मतांनी जिंकली. एके काळी 'खान हवा की बाण' अशी घोषणा देत ज्या पक्षाने मराठवाड्यात पाय रोवले, त्यातल्याच एका गटाच्या चिन्हावर मोहल्ल्यांतून मतं पडली. अमेरिकेसारखंच झालं की नाही? पुढे सहा महिन्यांत विधानसभेला जिल्ह्यातल्या चारही जागा दोन्ही बाजूंना निम्म्या निम्म्या वाटल्या गेल्या. म्हणजे मतदार आठवणीला बांधलेला असला, तरी दाव्याला बांधलेलं जनावर नाही.

आठवणी विसरून मत द्या, असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घराला आग लागली त्याला आगीचा वास विसरायला सांगणं हा उद्धटपणा होईल. मी बँकेतला माणूस आहे. नुसती येण्याची बाजू मांडून ताळेबंद जुळत नाही, एवढंच मला कळतं. आपल्या घरातली आठवण आपण पोरांना सांगतो, शेजाऱ्याच्या घरातली सांगत नाही. ती रिकामी राहिलेली जागा मग सभेतला वक्ता भरतो, हल्ली मोबाइल भरतो. आजीने तिच्या अनुभवावर मत दिलं. आमची पोरं मात्र तिच्या अर्ध्याच अनुभवावर मत देतात, तोही दुसऱ्याने तिखट-मीठ लावून दिलेला.

थोरल्या भावाच्या नातीचं विधानसभेला पहिलंच मतदान होतं. आदल्या रात्री तिला दोन्ही सप्टेंबर सांगितले, वस्तीतली जळालेली घरंही सांगितली. मत कुणाला दे, ते सांगितलं नाही. तिनेही दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. त्या रात्री तिने एवढंच विचारलं, "आजोबा, चाचींच्या नावावर ती जमीन झाली का हो?"

झाली, पण फार वर्षांनी. मृत्यूच्या तारखेपुढची माझी रेघ मात्र त्या जुन्या अर्जात तशीच राहिली.